गाव्रिलचा कोट

मेलेल्या माणसाला उघडं ठेवू नये, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. इथं त्याच्या नावानं जो कपडा तुम्ही जिवंत माणसाच्या अंगावर घालता, तो तिथं त्याच्या अंगावर चढतो. नाही घातला, तर तो तसाच राहतो. पाद्रीबाबांच्या पोथीत हे असं लिहिलंय की नाही मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारायलाही गेले नाही. माझ्या आईनं तिच्या सासऱ्यासाठी दिलं, मी माझ्या आईसाठी दिलं. त्याच वयाचं माणूस शोधायचं, बाईसाठी बाई, पुरुषासाठी पुरुष. डोक्यापासून पायापर्यंत त्याला नवं चढवायचं, हातात मेणबत्ती आणि गोल पाव द्यायचा. मग त्यानं ते कपडे झिजेपर्यंत घालायचे. पेटीत ठेवलेला कपडा मेलेल्याच्या अंगाला लागत नाही.

पण हे सगळं लढाईच्या आधीचं. तेव्हा घरोघरी पेटी होती आणि पेटीत कापड होतं.

माझा धाकटा भाऊ गाव्रिल गोळीनं गेला नाही. गोळी लागली असती तर अंगावरच्या कपड्यांनिशी पुरला तरी असता. तो उवांच्या तापानं गेला, आमच्याच गावाबाहेर, गुरांच्या छपरात लष्करानं जे इस्पितळ मांडलं होतं तिथं. त्या हिवाळ्यात माणसं माश्यांसारखी मरत होती. उवा पसरू नयेत म्हणून मेलेल्याचे कपडे काढून जाळायचे, असा हुकूम होता. मग गाडीत घालून चुन्याच्या खड्ड्यात. त्याची बायको प्रोफिरा कडेवरच्या पोरीला घेऊन तारेच्या कुंपणाबाहेर उभी होती. तिला आत सोडलं नाही, पण डोळे काही कुणी झाकले नाहीत. गाडीतून आपला माणूस कसा गेला ते तिनं पाहिलं.

त्यानंतर लढाईची आघाडी आमच्या अंगावरून गेली. जाताना घरं गेली, चर्चचं छप्पर गेलं, आलुबुखाराच्या बागा गेल्या. पळून गेलेले आम्ही परत आलो तेव्हा सैनिकांनी खणलेले खड्डे तेवढे शाबूत होते, म्हणून त्यांवर लाकडं आणि माती घालून त्यातच राहायला लागलो. आमच्या खड्ड्यात आम्ही तिघी. मी, प्रोफिरा आणि तिची आनिका. मी लढाईच्या आधीच विधवा झालेली, पोटी मूल नाही. आनिका सहा वर्षांची होती. पायाला चिंध्या, अंगाला घोड्याच्या घोंगडीचा तुकडा. खोकली की मातीच्या भिंतीला टेकायची, आणि तिचा खोकला संपेपर्यंत आम्ही दोघी बोलणं थांबवायचो.

लढाई संपून पहिलाच हिवाळा चालला होता. मक्याचं पीठ संपत आलं होतं, आणि त्याचं शिजवलेलं मामालिगा इतकं पातळ व्हायचं की ते खायचं की प्यायचं कळू नये. अशात एक दिवस अमेरिकन बाईच्या गाड्या आल्या.

नाव काहीतरी लांबलचक होतं, आम्ही तिला नुसतं मिस म्हणायचो. उंच, हाडकुळी, लाल नाकाची. खोटं कशाला बोलू, बाई वाईट नव्हती. आमच्यासारखीच थंडीनं तिची बोटं फुटली होती आणि आमच्यासारखंच ती पातळ मामालिगा खायची. तिच्याबरोबर दुभाषी म्हणून याश शहराची एक शिकलेली मुलगी होती, अग्लाया. अर्धं छप्पर उरलेल्या शाळेत त्यांनी गाठोडी सोडली. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या गल्लीत पसरला.

पहिली शाल मिळाली तुडोसिया म्हातारीला. गावातली सगळ्यात वयस्कर, तिचा मान. तिनं शालीचं चुंबन घेतलं आणि मिसकडे पाहून विचारलं, "नाव काय?"

"कुणाचं नाव, आजी?" अग्लाया म्हणाली.

"कुणाचं म्हणजे? ज्याच्या नावानं ही बाई देतेय त्याचं. नवरा गेला असेल, पोरगा गेला असेल. नाव घ्यायला नको का मी?"

अग्लायाचे कान लाल झाले. ती मिसशी काहीतरी पुटपुटली, पण तेवढ्या तीन शब्दांत एवढा प्रश्न मावला असेल असं मला वाटलं नाही. मग ती म्हणाली, "नाव नाही आजी. अमेरिकेच्या लोकांनी पाठवलंय."

"अमेरिकेत माणसं मरत नाहीत होय?"

"मरतात हो. पण हे त्यासाठी नाही. तुम्हाला थंडी वाजते, म्हणून दिलंय."

तुडोसिया आमच्याकडे वळली. "ऐका गं. थंडी वाजते म्हणून देतात म्हणे. मग उघड्यावरच्या मेंढ्यांनी काय घोडं मारलंय?"

आम्ही हसलो. पण हसता हसता जो तो आपल्या हातातल्या कपड्याकडे बघत होता. कुणाच्या नावाचं नाही असं कुणी काही देतं, हे आम्हाला पटेना. घेतलं आणि नाव घेतलं नाही तर ते मानेवर राहतं. शेवटी तुडोसियानंच तोड काढली. ती म्हणाली, "हे ज्यांचं कुणाचं असेल, देव त्यांना क्षमा करो." मग सगळेच तसं म्हणायला लागले. मिसला वाटलं आम्ही आभार मानतोय. तिचे डोळे भरून आले.

प्रोफिराच्या वाट्याला कोट आला. पुरुषाचा. गडद हिरव्या लोकरीचा, जाड, आत अस्तर, गुडघ्याच्या खाली जाणारा, आणि शिंगाची बटणं. असा कोट आमच्या गावात लढाईच्या आधीही कुणाच्या अंगावर नव्हता. घरात पुरुष नाही असं कळल्यावर मिसनं आनिकाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि हातानं कात्रीची खूण केली. एका कोटात दोन, आईचा आणि लेकीचा. हिशोब बरोबर होता. मी पूर्वी गावाला मेंढीच्या कातड्याची जाकिटं शिवून द्यायची, म्हणून शाळेतल्या कापायच्या टेबलावर मलाच बसवलं होतं. तिथं हातानं फिरवायचं शिवणयंत्रही होतं.

मी कोट टेबलावर पालथा घातला. कुठून कापला तर कमी वाया जाईल ते बघत होते, तोच प्रोफिरानं माझं मनगट धरलं.

"वन्सं, कापू नका."

"का गं? अंगाला मोठा होतोय. कापायलाच हवा."

"मला नकोय तो. गाव्रिलसाठी द्यायचाय."

मी कात्री खाली ठेवली. आजूबाजूला बायका होत्या, म्हणून आवाज चढवला नाही, नाहीतर तिथंच तिची खरडपट्टी काढली असती. म्हटलं, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? पोरगी बघ तुझी. छाती कशी वाजते ऐक जरा."

"पोरीला माझी ऊब आहे. तुमची आहे. त्याला तिथं कोण आहे?" मग ती हळूच म्हणाली, "रोज येतो वन्सं. बोलत नाही. कुंपणापाशी उभा असतो, दोन्ही हात असे काखेत घालून. मी म्हणते आत ये, तर मान हलवतो. बायामाणसांत कसा येईल तसा?"

माझा भाऊ तो. आई शेतात गेली की मीच त्याला पाठीशी बांधून हिंडायची. तिला काय वाटलं, मला तो आठवत नाही? पण मी अशी बाई आहे की रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "तुडोसियाला विचार. दुसऱ्याचं दान दान होत नाही. हा कोट आधीच कुणाच्यातरी नावाचा असणार."

"तेच तर," प्रोफिरा म्हणाली. "त्या बाईनंच सांगितलं ना, नाव नाही म्हणून. सगळ्यांसमोर सांगितलं. बिननावाचा आहे. मी त्याला नाव दिलं तर कुणाचं काय जातं?"

पुढं तिनं पाद्रीबाबांनाही विचारलं. ते म्हणाले, "मी प्रार्थना म्हणेन. कपड्याचं तुम्ही बायका जाणा." लग्न असो की मयत, बाबांचं हे उत्तर ठरलेलं. चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायच्या आधीचा पितरांचा शनिवार तोंडावर आला होता. वर्षं उलटून गेली असली तरी त्या दिवशी दिलेलं पोचतं. मी मिसला सांगितलं की कात्रीला धार नाही, हा जाड कोट आहे, मागाहून कापते. मिसनं मान डोलावली.

आता घेणार कोण? गाव्रिलच्या वयाचे पुरुष गावात उरले होते किती? एक आंधळा होऊन आलेला, त्याला मिसनं आधीच कोट दिला होता. एक लष्करातून पळून आलेला, तो कुणासमोर येत नव्हता. आणि तिसरा सांदू.

सांदूचं नाव काढलं की बायका थुंकायच्या. कारण इस्पितळाची ती गाडी सांदू हाकायचा. मेलेल्यांचे कपडे काढायचं कामही त्याचंच. हुकमाचा ताबेदार, मान्य. पण सगळे कपडे जाळले का, की काही दारूच्या दुकानात गेले, यावर गावात दोन मतं होती. मला विचाराल तर माझं एकच होतं. लढाईनंतर तो घोड्याबरोबर घोड्याच्याच गोठ्यात राहायचा, मिळाली तर प्यायचा, नाही मिळाली तर नुसता बसून राहायचा. त्या तापातून तोही उठला होता, पण छाती गेली होती. त्यानं कुणाकडे काही मागितलं नाही. मिसच्या रांगेतही तो उभा राहिला नव्हता.

"त्याला?" मी प्रोफिराला म्हटलं. "ज्यानं काढून घेतले त्यालाच घालायला देणार? वा गं वा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

"दोघांचा बाप्तिस्मा एकाच आठवड्यातला आहे," प्रोफिरा म्हणाली. "अंगानंही तेवढाच आहे. आणि वन्सं, गाव्रिलला शेवटचा हात त्याचाच लागला. दुसऱ्या कुणाला माहीत तरी आहे का, त्या खड्ड्यात तो नेमका कुठं आहे ते?"

तर पितरांच्या शनिवारी, चुन्याच्या खड्ड्यापाशी, आम्ही सांदूला बोलावलं. तो आला, पण दूरच उभा राहिला. आपल्याला कुणी मारणार आहे असं त्याला वाटत असावं. कोंड्याच्या पिठाचा गोल पाव केला होता, मेणबत्ती चर्चमधली उरलेली होती. प्रोफिरानं कोट पसरला.

"काढ तुझं ते," ती म्हणाली.

त्यानं अंगावरचं फाटकं काढलं. आत शर्ट म्हणजे नुसत्या चिंध्या. ती त्याच्या मागं गेली, त्याचे हात एकेक करून बाह्यांत घातले, पुढं येऊन बटणं लावली. लग्नाच्या दिवशी गाव्रिलची तिनं अशीच लावली होती, मी पाहिली होती. मी मान फिरवली.

"हा इथं तुझा," प्रोफिरा म्हणाली, "आणि तिथं गाव्रिलचा."

"देव गाव्रिलला क्षमा करो," सांदू म्हणाला. म्हणायचं तेवढंच असतं. पण तो थांबला नाही. म्हणाला, "वहिनी, त्याचा शर्ट मी काढला. अजून गरम होता तो. मी म्हटलं होतं साहेबाला, याच्या अंगावर राहू द्या, हा माझ्या गावचा आहे."

"ठाऊक आहे," प्रोफिरा म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

घरी येताना सांदूनं आपलं जुनं फाटकं घोड्याच्या पाठीवर टाकलं. त्याला आता ते लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रोफिरा उशिरापर्यंत झोपली. उठली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा वाटत होता. म्हणाली, "आला होता. पण थांबला नाही. रस्त्यानं जात होता, कॉलर वर केलेली." आणि ती हसली. आनिकाला मांडीवर घेऊन तिनं तिचे पाय स्वतःच्या पोटाशी धरले. तेवढे काही दिवस आमच्या खड्ड्यात सुख होतं. पोरगी खोकत होती, खायला नव्हतं, आणि तरी सुख होतं. ते मी नाकारणार नाही.

मिसला कोट दिसला विहिरीपाशी. सांदू घोड्याला पाणी दाखवत होता, आणि कोट काही लपणारा नव्हता. मी शाळेकडे निघाले होते, समोरच सगळं घडलं. मिस थबकली. तिनं अग्लायाला विचारलं. मग दोघी त्याच्यापाशी गेल्या. सांदूच्या तोंडाला दारूचा वास होता, नेमका त्या दिवशी.

"हा कोट कुठून आणलास?" अग्लायानं विचारलं.

"हा माझा नाही," सांदू म्हणाला. खरं तेच बोलला बिचारा. "हा गाव्रिलचा आहे."

अग्लायानं ते तसंच्या तसं सांगितलं असावं. मिसनं विचारलं, गाव्रिल कोण. "प्रोफिराचा नवरा." आता मिसला सगळं समजलं, म्हणजे तिला जे समजायचं ते. एका विधवेच्या घरचा कोट या दारुड्यानं घेतला. चोरून घेतला, नाहीतर घोटभर दारूच्या बदल्यात घेतला. तिचा चेहरा रागानं पांढरा पडला. शिपायाला बोलवायचीही गरज पडली नाही. तिनं हात पुढं केला, आणि सांदूनं मुकाट बटणं सोडायला सुरुवात केली. हुकूम झाला की कपडे काढायचे, एवढं त्याला लष्करानं शिकवलं होतं.

मी धावत गेले. अग्लायाचा दंड धरला. "सांग तिला. नीट सांग. त्यानं चोरला नाही. आम्ही घातला त्याच्या अंगावर."

"का घातलात?"

"तू कुठल्या मुलखातली गं? तुझ्या आजीनं कुणासाठी दिले नाहीत कधी कपडे?"

तिनं मान खाली घातली. "दिले असतील. पण साफ्ताबाई, हिला मी काय सांगू? बोटीतून, आगगाडीतून, बर्फातून हा कोट इथवर आणला, तो तुम्ही मेलेल्या माणसाला दिलात? ती उद्या गाड्या भरून निघून जाईल. बाकीच्या गावाचं काय?"

तरी ती काहीतरी बोलली मिसशी. काय ते देवाला ठाऊक. मिसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, फार मायेनं, आणि कोट माझ्या हातात दिला. सांदू चिंध्यांत उभा होता. घोडा पाणी पीत होता. कोट अजून त्याच्या अंगानं गरम होता.

मिसनं या वेळी उद्यावर ठेवलं नाही. धार लावलेली कात्री तिनं स्वतः आणली, आनिकाला टेबलापाशी उभं केलं आणि समोर बसून राहिली. कुणीतरी प्रोफिराला सांगितलं असणार. ती आली आणि दारात उभी राहिली. आत आली नाही.

"वन्सं," ती म्हणाली.

एवढंच. ओरडली असती, टेबलावर येऊन पडली असती, तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. पोरीचे ओठ निळे होते आणि ती लोकरीवरून एक बोट फिरवत होती. मी नाही म्हटलं असतं तर मिसनं कोट दुसऱ्या घरी दिला असता. सांदूच्या अंगावर तो परत जाणार नव्हता. म्हणजे भावाला नाही आणि भाचीलाही नाही. मी कात्री उचलली आणि पाठीच्या मध्यातून सरळ खाली नेली. कुणी म्हणेल ही बाई दगडाची. म्हणू देत. वाकडा कापला असता तर एक बाही कमी पडली असती.

मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

आनिकाचा कोट चांगला झाला. टाचेपर्यंत, छातीवर दुहेरी, अस्तर पुरं. पोरगी त्यातच झोपायची. काही दिवसांत खोकला उतरला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. प्रोफिराला मी उरलेल्यातून जाकीट करून दिलं. तिनं ते घेतलं, घडी घातली आणि उशाला ठेवलं. एकदाही अंगात घातलं नाही. माझ्यावर रागावली नाही, टाकून बोलली नाही. सकाळी मी विचारायचं धाडस केलं नाही, पण तिच्या तोंडावरून कळायचं. तो पुन्हा कुंपणापाशी येऊन उभा राहत होता.

आणि सांदू. त्यानं घोड्याच्या पाठीवरचं आपलं फाटकं परत घेतलं नाही. बर्फ पडत होतं आणि हा माणूस शर्टाच्या चिंध्यांत गावातून हिंडायचा, दोन्ही हात काखेत घालून. पोरं हसायची. मी आमची एक घोंगडी घेऊन गोठ्यात गेले. म्हटलं, "घे, पांघर. नसती नाटकं करू नकोस."

"नको साफ्ताक्का."

"का नको? मरायचंय?"

"तो तिथं उघडा आहे. मी त्याच्या जागी होतो ना. आता मी पांघरलं तर ते माझं एकट्याचं झालं."

"अरे गाढवा, हे कुठल्या रिवाजात बसतं?"

"नसेल बसत," तो म्हणाला. "पण दोनदा मीच काढून दिले, आक्का. एकदा त्याचे, एकदा माझे. दोन्ही वेळेला कुणी नुसतं म्हटलं, आणि मी दिले."

मी घोंगडी त्याच्या अंगावर फेकली आणि निघून आले. दुसऱ्या दिवशी ती घोड्याच्या पाठीवर होती. मी पुन्हा भांडले, प्रोफिरा जाऊन रडली, पाद्रीबाबांनी तर पापाची भीती घातली. सांदू सगळ्यांना हो म्हणायचा. हो म्हणण्यात तो हुशारच होता. उपवासाच्या दुसऱ्या आठवड्यात तो गोठ्यात घोड्याच्या पायाशी निपचित मिळाला. मिसच्या गाड्या तोवर पुढच्या खोऱ्यात गेल्या होत्या.

दारूगोळ्याच्या खोक्यांच्या फळ्यांची शवपेटी केली. ज्याच्यावर थुंकायचे त्याच्यासाठी गावानं कपडे जमवले. कुणी शर्ट दिला, आंधळ्यानं टोपी दिली, तुडोसियानं कमरेला बांधायला आपल्या शालीची किनार फाडून दिली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. जिवंतपणी सांदूला एवढं कधी मिळालं नाही.

झाकण लावायची वेळ आली तेव्हा प्रोफिरा पुढं झाली. तिच्या काखेत ते जाकीट होतं. तिनं ते सांदूच्या छातीवर ठेवलं आणि त्याच्या कानाशी वाकली.

"सांदू, भेटला की दे त्याला. म्हणावं, एवढंच उरलं."

जाणाऱ्याबरोबर सामान द्यायची चाल आमच्याकडे आहेच. कुणी तंबाखू देतं, कुणी पोराचं खेळणं. पण मी त्या जाकिटाकडे बघत राहिले. ते मी प्रोफिराच्या मापानं शिवलं होतं. काखेत तंग, कमरेला चिमटीत घेतलेलं, बायकी. माझ्या भावाचा एक हातही त्यात गेला नसता. तो तिथं ते घेऊन उभा राहील, घालता येणार नाही, आणि टाकवणारही नाही. तसा तो लहानपणापासून. दिलेली वस्तू नाही म्हणून परत करायचा नाही.

मी माणसांना बाजूला सारलं, जाकीट उचललं आणि पेटीच्या कडेला बर्फावरच बसले. कमरेची छोटी कात्री काढली. आधी एका बगलेची शिवण उसवली, मग दुसरीची. शिवण मीच घातलेली, दुहेरी, घट्ट. दोरा तुटता तुटेना. बोटं बधिर झाली होती. खड्डा खणणारे फावड्यांवर रेलून उभे होते, आणि वारा सुटला होता.

"साफ्ता, आटप आता," पाद्रीबाबा म्हणाले. "माती पुन्हा गोठेल."

"थांबा बाबा," मी म्हटलं. "माझ्या भावाचे खांदे रुंद आहेत."

आणि मी बाह्या उसवायला घेतल्या.